हळदीचा अर्क आणि सिगारेटचा धूर: परळ ते खारघर

ठाण्यात आयुर्वेदिक दुकानात 'फुप्फुसं साफ करणारा' काढा मागणारे भेटतात. त्यांतल्या अनेकांची सिगारेट अजून सुटलेली नसते. ही आशा हवेतून आलेली नाही. तिचा एक धागा परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटपर्यंत जातो. हीच संस्था पुढे २००२ मध्ये खारघरला आली. आता ती टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्राचा भाग आहे.

परळला डॉ. एस. व्ही. भिडे आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सिगारेट आणि विडीच्या धुराचा अर्क जिवाणूंवर तपासला. सोबत मशेरीही होती, आणि याचं मोल मला फार वाटतं. घरोघरी बायका जिनं दात घासतात, ती भाजलेली तंबाखू कुणीतरी प्रयोगशाळेत नेली. हळदीतलं कर्क्युमिन मिसळल्यावर जिवाणूंच्या जनुकांतले बिघाड कमी झाले. मात्र सोडियम अ‍ॅझाइडसारख्या थेट घाव घालणाऱ्या रसायनापुढे त्याचं काही चाललं नाही. धुरातलं बेन्झोपायरिन तसं नाही. शरीरातली विकरं (एन्झाइम्स) आधी त्याचं रूप पालटतात, मग ते डीएनएला चिकटतं. कर्क्युमिन अडवतं ते हे रूप पालटणं.

१९९२ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १६ धूम्रपान करणाऱ्यांना रोज दीड ग्रॅम हळद दिली. ३० दिवसांत त्यांच्या लघवीतली जनुकं बिघडवणारी द्रव्यं घटली. मोजली गेली ती लघवी. कॅन्सर टळला का, हे त्यात नव्हतंच.

ते पाहिलं गेलं बीटा-कॅरोटीनच्या बाबतीत. गाजराला रंग देणारं हे द्रव्य फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत गोळ्यांतून दिलं गेलं. १९९४ मध्ये निकाल आला: ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेत त्याच्यासोबत अ जीवनसत्त्वही दिलं होतं. तिथे वाढ २८ टक्के दिसली आणि १९९६ च्या जानेवारीत चाचणी २१ महिने आधीच थांबवावी लागली. भाजीतलं चांगलं ते गोळीतही चांगलंच, हा समज तिथे मोडला. काढ्याच्या बाटलीवर यातलं काही छापलेलं नसतं, याचं मला वाईट वाटतं.

खारघरला डॉ. गिरीश मारू यांच्या गटाने उंदरांवर काम पुढे नेलं. आहारात कर्क्युमिन असलेल्या उंदरांना बेन्झोपायरिन दिलं, तेव्हा डीएनएची हानी कमी दिसली. पण त्या उंदरांना कर्क्युमिन आधी मिळालं होतं, विष नंतर. दुकानात काढा मागणाऱ्याचा क्रम उलटा असतो.