एका वर्षात एमएस्सी? हाती पडेल पदविका!

सांगलीत विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर निकालानंतर हमखास ऐकू येतं, "आता कॉम्प्युटर सायन्सची एमएस्सी लवचिक झालीय. एक वर्ष काढायचं, पदवी घ्यायची, पुणं गाठायचं." यातलं पुणं गाठणं तेवढं खरं.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार ३ वर्षांच्या बीएस्सीनंतर एमएस्सी २ वर्षांचीच आहे. पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडलात तर पदव्युत्तर पदविका मिळते, पदवी नव्हे. एका वर्षाची एमएस्सी आहे, पण ती ४ वर्षांची पदवी केलेल्यांसाठी. गोंधळ इथंच होतो.

खरी लवचिकता ऐच्छिक विषयांत आहे. कुणी मशीन लर्निंग घेईल, कुणी सायबर सुरक्षा. अनिवार्य विषय मात्र कुणालाच चुकत नाहीत. शिवाय कमावलेली क्रेडिट्स, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक, अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (ते जमा ठेवणाऱ्या डिजिटल खात्यात) जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतात. घरच्या अडचणीनं मध्येच थांबलेल्या पोरीला परत येता यावं, हा त्यामागचा हेतू. लवकर सुटका करून घ्यायची पळवाट म्हणून ही सोय केलेली नाही.

आणि थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, प्रॅक्टिकलचं म्हणजे लॅबमधले ३० तास. लॅब बुडवणाऱ्यांनी हा हिशेब आधीच मांडावा.