मजकूर न हलवता ओळींचा क्रम

दहा लाख ओळींची फाइल अकारविल्हे लावायची आहे आणि ओळी किती निघतील हे आधी ठाऊक नाही. अशा वेळी सी भाषेत लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोडांची (नोंदींची) साखळी, सोयीची पडते. ओळ वाचायची, तिच्यापुरती मेमरी घ्यायची (मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्य बाइटसाठी एक जागा जास्त धरून) आणि नवा नोड साखळीला जोडायचा. नोडमध्ये दोनच पत्ते असतात: एक मजकुराचा, दुसरा पुढच्या नोडचा.

सीच्या लायब्ररीतलं क्रम लावणारं फंक्शन क्यूसॉर्ट मात्र इथे थेट चालत नाही, कारण त्याला सलग मांडलेला ॲरे लागतो. साखळीत पाचशेव्या नोडकडे एकदम उडी मारता येत नाही. प्रत्येक ओळ सुरुवातीपासून जागा शोधत घुसवायची म्हटली, तर सरासरी २५ हजार कोटींच्या घरात तुलना होतात. मर्ज सॉर्टला (साखळी दुभागायची, प्रत्येक अर्ध्या भागावर पुन्हा तेच करायचं आणि क्रमाने लागलेले भाग जोडत यायचं) सुमारे दोन कोटी पुरतात. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडलेली ही पद्धत साखळीसाठीच जन्मली असावी, इतकी तिथे चपखल बसते. ॲरेत तिला सहसा तेवढीच जादा जागा लागते. साखळीत फक्त ‘पुढचा कोण’ एवढं बदलायचं. मजकुराचं एक अक्षरही हलत नाही.

खरी मेख साखळी दुभागण्यात आहे. दोन पॉइंटर (नोडचा पत्ता धरणारे चल) सोडायचे, एक नोडागणिक चालणारा, दुसरा दोन-दोन नोड ओलांडणारा. वेगवान पॉइंटर टोकाला पोचला की संथ पॉइंटर मध्यावर असतो. तिथे ‘पुढचा’ नल (म्हणजे ‘पुढे कोणी नाही’) करून साखळी तोडायची. वेगवान पॉइंटर पहिल्याऐवजी दुसऱ्या नोडपासून सोडावा. दोघं एकाच जागेवरून निघाले, तर दोन नोडांच्या साखळीत संथ पॉइंटर दुसऱ्यावर जाऊन थांबतो, पहिला अर्धा भाग पुन्हा दोन नोडांचाच राहतो आणि फंक्शन स्टॅक (फंक्शनांसाठी राखलेली मेमरी) संपेपर्यंत स्वतःलाच बोलावत बसतं.

जोडताना दोन ओळी सारख्या निघाल्या तर डावीकडची आधी घ्यावी, म्हणजे त्यांचा मूळ क्रम टिकतो. तुलनेत ‘लहान’ऐवजी ‘लहान किंवा समान’ लिहिलं की झालं.

तुलना करणारं स्ट्रकम्प फक्त बाइट पाहतं. आस्की संकेतांत मोठ्या झेडचा क्रमांक ९० आणि छोट्या ‘ए’चा ९७, म्हणून झेड आधी येतो. ‘१०’ ही ओळही ‘९’च्या आधी लागते. भाषेच्या नियमांप्रमाणे क्रम हवा असेल, तर आधी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) ठरवून स्ट्रकम्पऐवजी स्ट्रकोल हे तुलनेचं फंक्शन वापरावं. साखळीच्या बाकीच्या कोडला हात लावावा लागत नाही.