मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा दाह : आधी टीबी का शोधतात?

लकवा मारलेला पेशंट चाळिशीतला. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखूही नाही. एमआरआयच्या रिपोर्टात शेवटी एक ओळ येते, ‘व्हॅस्क्युलायटिसची शक्यता’. नाशिकच्या मुंबई नाका भागातल्या हॉस्पिटलांच्या पायऱ्यांवर दिंडोरी-सुरगाण्याकडून आलेले नातेवाईक पिशवीतून काळी फिल्म काढून उजेडाकडे धरतात, तेव्हा मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना सूज आहे एवढं त्यांना समजलेलं असतं. पुढचं कोडं सुटत नाही. सूज आहे तर सुजेवरचं औषध द्यायचं सोडून डॉक्टर छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, व्हीडीआरएल (उपदंशाची रक्ततपासणी) आणि ‘पाठीतलं पाणी’ कशाला मागत बसतात? बिल वाढवायला, असं कोणीतरी म्हणतंच. बिलं वाढतात हे खरं, पण इथे तो आरोप लागू पडत नाही. तपासण्यांचा हा क्रम दीडशे वर्षांच्या अनुभवातून ठरलेला आहे.

या आजाराची वैद्यकाला पहिली ओळख झाली ती जंतुसंसर्गाच्या रूपात. ओटो ह्यूबनर या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये उपदंशामुळे, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत गरमीमुळे, मेंदूच्या धमन्यांचं काय होतं ते सविस्तर मांडलं. धमनीचं आतलं अस्तर जाड होत जातं, पोकळी अरुंद होते आणि पुढच्या भागाला रक्त पोचेनासं होतं. त्याआधी १८६६ मध्ये फ्रायबुर्गला कुसमाउल आणि मायर यांनी २७ वर्षांच्या एका शिंप्याच्या शवविच्छेदनात धमन्यांवर जागोजागी गाठी पाहिल्या होत्या. तो शरीरभर पसरलेला दाह होता. मेंदूपुरता, आणि कुठल्याही जंतूशिवाय होणारा दाह असू शकतो, हे लक्षात यायला आणखी अर्धं शतक जावं लागलं. नॉर्वेचे पॅथॉलॉजिस्ट फ्रान्सिस हार्बिट्झ यांनी १९२२ मध्ये ‘अज्ञात’ प्रकारच्या धमनीदाहाचे दोन रुग्ण नोंदवले. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातही उपदंशाशी याचा संबंध काय, हा प्रश्न होताच.

युरोपात उपदंशाने जी जागा अडवली होती, ती आपल्याकडे क्षयाची. क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणात शिरले की मेंदूच्या तळाशी घट्ट, चिकट स्राव साचतो. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या आणि त्यांच्या केसासारख्या बारीक फांद्या नेमक्या त्याच जागेतून जातात. स्रावात बुडालेल्या धमनीची भिंत सुजते, आत गुठळी धरते आणि मेंदूच्या खोल भागात रक्तपुरवठा तुटतो. तापाने फणफणलेल्या मुलाची एक बाजू अचानक लुळी पडते ती यामुळे. मुंबईत बालरोगतज्ज्ञ पी. एम. उदानी आणि मेंदूचे पॅथॉलॉजिस्ट दराब दस्तूर यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत हे काम केलं. त्यांचे १९६६ आणि १९७१ चे लेख मेंदूच्या क्षयावरच्या लिखाणात आजही सापडतात. माझ्या मते, नाशिकच्या पेशंटचा रिपोर्ट वाचताना अमेरिकेत ठरलेल्या निदानाच्या निकषांइतकंच, किंबहुना थोडं जास्त, वजन या मुंबईच्या कामाला द्यायला हवं.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९५९ मध्ये क्राव्हिओतो आणि फायगिन यांनी जंतूंशी संबंध नसलेला, मज्जासंस्थेकडे ओढा असलेला दाह हा स्वतंत्र आजार म्हणून मांडला. तेव्हा निदान बहुधा मृत्यूनंतरच व्हायचं. धमनीत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढायची पद्धत एगास मोनिझ यांनी लिस्बनमध्ये १९२७ लाच आणली होती. (त्यांना नोबेल मात्र मिळालं ते मेंदूच्या वादग्रस्त शस्त्रक्रियेसाठी.) या अँजिओग्राफीत दाह झालेली धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसते, कुठे आवळलेली तर कुठे फुगलेली. १९८३ मध्ये कप्स, मूर आणि फाउची यांनी स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइड (प्रतिकारशक्ती दाबणारं जड औषध) एकत्र दिल्यावर मोजके रुग्ण बरे झाल्याचं दाखवलं. हे फाउची म्हणजे कोविडच्या काळात रोज टीव्हीवर दिसायचे तेच. जीवघेण्या आजारावर इलाज सापडला म्हटल्यावर तो आजार शोधायची घाई सुरू झाली. १९८८ मध्ये कॅलाब्रीस आणि मॅलेक यांनी निकष बांधून दिले : मज्जासंस्थेत इतर कशानेही उलगडत नसलेला बिघाड हवा, अँजिओग्राफीत किंवा मेंदूच्या तुकड्यात दाहाच्या खुणा हव्यात, आणि तसंच चित्र उभं करणारा दुसरा कुठलाही आजार नसावा.

या तिसऱ्या अटीनेच पुढे मोठी उलथापालथ केली. मण्यांची माळ दिसलेले काही पेशंट आपोआप सुधारत होते. एकदम डोकं फुटेल असं दुखणं, बऱ्याचदा बाळंतपणानंतर किंवा ठरावीक औषधांनंतर, आणि साधारण तीन महिन्यांत धमन्या पूर्ववत. तिथे दाह नव्हताच, रक्तवाहिन्या नुसत्या आवळल्या होत्या. कॉल आणि फ्लेमिंग यांनी याचं वर्णन १९८८ मध्येच केलं होतं. २००७ मध्ये खुद्द कॅलाब्रीस यांनी सहकाऱ्यांसोबत त्याला एकत्रित नाव आणि चौकट दिली, आणि जुन्या काळी ‘दाह’ म्हणून जड औषधं घेतलेल्यांपैकी काहींना ती लागणारच नव्हती हे उघड झालं.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून मेंदूपुरत्या, जंतूंशिवायच्या खऱ्या दाहाचा आकडा आला : दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे २.४ नवे रुग्ण. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती. अमेरिकेतलं प्रमाण जसंच्या तसं लावलं तर अख्ख्या जिल्ह्यात वर्षाला पंधराच्या आसपास. ते तसं लावता येईलच असं नाही, पण अंदाज येतो. त्यापुढे टीबी किती घरांत असतो हे पेठ-सुरगाण्याच्या आशाताईंना विचारावं.

म्हणून पाठीतलं पाणी. ‘पाणी काढलं की माणूस अधू होतो’ ही भीती गावोगाव आहे. मुळात मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या खालच्या मणक्यांत घालतात. काढतात ते थोडे मिलिलिटर, आणि शरीर दिवसाला अर्धा लिटरच्या घरात हे पाणी नव्याने तयार करतं. दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं, ते खरं. त्या पाण्यातल्या पेशी, प्रथिनं, साखर आणि सीबी-नाट (टीबीचे जंतू शोधणारी चाचणी) यांवरून टीबीचा अंदाज बांधता येतो. चेहऱ्यावर नागीण येऊन गेली असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. डोळ्याजवळच्या नागिणीचा विषाणू मेंदूच्या धमनीपर्यंत पोचून काही आठवड्यांनी लकवा आणू शकतो, आणि घरी काव लावून बरी केलेली नागीण केसपेपरवर येतच नाही.

टीबी असताना नुसतं सायक्लोफॉस्फमाइड दिलं तर जंतूंना मोकळं रान मिळतं. उलट टीबीच्या मेंदूज्वरात स्टेरॉइड देतातच, पण टीबीच्या गोळ्यांच्या जोडीने. २००४ मध्ये व्हिएतनाममधल्या ५४५ रुग्णांच्या अभ्यासात डेक्सामेथासोनमुळे मृत्यू कमी झाले, अपंगत्व मात्र फारसं कमी झालं नाही. भारतातली मार्गदर्शक तत्त्वं अशा टीबीसाठी किमान नऊ महिन्यांचा कोर्स सांगतात, आणि सरकारी कार्यक्रमात त्या गोळ्या फुकट मिळतात. सगळं निगेटिव्ह आलं तर मेंदूच्या बायोप्सीचा विषय निघतो. दाह तुकड्या-तुकड्यांनी होत असल्यामुळे घेतलेल्या नमुन्यात तो नेमका न सापडण्याचीही शक्यता राहते, आणि मग डॉक्टर निगेटिव्ह रिपोर्ट हातात असूनही स्टेरॉइड सुरू करतात.