मुद्दल आणि घरखर्च : पोकरवर पोट भरण्यामागचे जुने गणित

पोकरवर पोट भरायचे ठरवले की जाणकार पहिला सल्ला देतात तो पैशाचा. कॅश गेम, म्हणजे थेट पैशांचा आणि केव्हाही उठता येणारा खेळ, खेळायचा तर निदान 20 ते 30 बाय-इन (एका वेळी टेबलावर बसायला लागणारी रक्कम म्हणजे एक बाय-इन) बाजूला हवेत, टुर्नामेंट खेळायच्या तर 100 किंवा त्याहून जास्त. बाजूला काढलेल्या या रकमेला बँकरोल म्हणतात; दुकानदार तिला मुद्दल म्हणेल. हे आकडे कुठून आले आणि ते कोणत्या खेळाडूला लागू पडतात, याची चर्चा मात्र क्वचितच होते. माझ्या मते नव्या खेळाडूंचे सगळ्यात मोठे नुकसान याच अज्ञानाने होते.

गोष्ट 1656 पासून सुरू होते. ब्लेझ पास्कलने पिएर द फर्मापुढे एक कोडे ठेवले. दोन खेळाडूंकडे प्रत्येकी 12 नाणी आहेत आणि डाव हरेल त्याने एक नाणे द्यायचे, तर कोण आधी कफल्लक होईल? पुढच्याच वर्षी क्रिस्तियान हायगेन्सने संभाव्यतेवरच्या आपल्या पुस्तिकेत ते छापले. या विचारातून पुढे जे सिद्ध झाले ते कठोर आहे. डाव अगदी बरोबरीचा असला तरी लहान थैलीवाला आधी संपण्याची शक्यता जास्त असते, आणि समोरच्याची थैली अथांग असेल तर तो कधी ना कधी संपतोच. 1956 मध्ये बेल लॅब्जमधल्या जॉन केलीने प्रश्नाची दुसरी बाजू सोडवली: पारडे आपल्या बाजूने झुकलेले असेल, तर दर वेळी भांडवलाचा कितवा हिस्सा लावावा? पारडे जितके कमी झुकलेले, तितका हिस्सा लहान.

टेबलावरची माणसे या गणितापासून फार दूर होती. टेक्ससमध्ये डॉयल ब्रन्सन, अमरिलो स्लिम आणि सेलर रॉबर्ट्स हे तिघे गावोगाव फिरून खेळत आणि तिघांचा गल्ला एकच असे. लास वेगासच्या पहिल्या मोठ्या फेरीत तो सगळा गेला आणि भागीदारी मोडली.

स्टू अंगरची कहाणी जास्त चटका लावते. 1980 आणि 1981, लागोपाठ दोन वर्षे त्याने वर्ल्ड सिरीज या पोकरच्या सर्वांत नावाजलेल्या स्पर्धामालिकेची मुख्य स्पर्धा जिंकली. 1997 मध्ये त्याच स्पर्धेची 10,000 डॉलर प्रवेश फी भरायलाही त्याच्याकडे पैसे नव्हते. ती बिली बॅक्स्टरने भरली. अंगर तिसऱ्यांदा जिंकला आणि 10 लाख डॉलरचे बक्षीस दोघांनी निम्मे-निम्मे वाटून घेतले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये लास वेगासच्या एका मोटेलमध्ये तो मृतावस्थेत सापडला, तेव्हा त्याच्याजवळ जेमतेम 800 डॉलर होते. पत्त्यांत त्याच्या तोडीचे फार थोडे होते. त्याचा पैसा शर्यती, खेळांवरच्या पैजा आणि अमली पदार्थ यांत गेला, कारण पोकरची थैली आणि बाकीचा खिसा यांच्यामध्ये भिंतच नव्हती.

भिंत बांधायची सवय इंटरनेटने लावली. 1998 मध्ये खऱ्या पैशांचे ऑनलाइन पोकर सुरू झाले. 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर हा अकाउंटंट 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला आणि 838 खेळाडूंना मागे टाकून 25 लाख डॉलर जिंकला. पुढच्या वर्षी त्या स्पर्धेत 2,576 जण उतरले. हजारो तरुण घरबसल्या एका वेळी अनेक टेबलांवर खेळू लागले. प्रत्येक हँडची, म्हणजे पत्त्यांच्या एकेका डावाची, नोंद संगणकावर राहू लागली आणि नशिबाचे चढउतार पहिल्यांदाच नीट मोजता आले. 2006-07 मध्ये ख्रिस फर्ग्युसन या खेळाडूने फुल टिल्ट या ऑनलाइन पोकर साइटवर, फुकट प्रवेशाच्या स्पर्धांपासून सुरुवात करून, शून्याचे 10,000 डॉलर करून दाखवले. कॅश टेबलावर एका वेळी मुद्दलाच्या 5 टक्क्यांहून जास्त न्यायचे नाहीत आणि मोठ्या टुर्नामेंटमध्ये 2 टक्क्यांहून जास्त लावायचे नाहीत, हे त्याचे नियम. 5 टक्के म्हणजेच 20 बाय-इन.

फर्ग्युसन त्या पैशातून घरभाडे देत नव्हता. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. समजा, एखादा खेळाडू दर 100 हँडमागे सरासरी 5 बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीला सक्तीने लावायची ठरलेली रक्कम) जिंकतो आणि त्याचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप, 100 हँडमागे 90 बिग ब्लाइंड आहे. 100 बिग ब्लाइंडचे 20 बाय-इन असतील, तर तो कधी ना कधी कफल्लक होण्याची शक्यता साडेआठ टक्क्यांच्या आसपास येते. 30 असतील तर अडीच टक्के. आता त्याने निम्मी कमाई भाडे-किराण्यासाठी काढायला सुरुवात केली, की मुद्दलात पडणारी भर 5 वरून अडीचवर येते आणि त्याच 20 बाय-इनवर धोका 29 टक्क्यांवर जातो. तो पुन्हा साडेआठवर आणायला 40 बाय-इन लागतात. सगळीच कमाई खर्च केली तर भर शून्य, म्हणजे जिंकणारा खेळाडूही वर सांगितलेल्या बरोबरीच्या डावात येऊन बसतो.

मुद्दल ठेवायचे कुठे, हा प्रश्न 15 एप्रिल 2011 ला समोर आला. त्या दिवशी अमेरिकी सरकारने मोठ्या पोकर साइट्सवर कारवाई केली. सरकारच्या दाव्यानुसार, मार्चअखेर फुल टिल्ट खेळाडूंचे सुमारे 39 कोटी डॉलर देणे लागत होती आणि बँकेत होते फक्त 6 कोटी. शिस्तीने जमवलेली मुद्दले वर्षानुवर्षे अडकली. अमेरिकी खेळाडूंना पैसे परत मिळायला 2014 उजाडले.

भारतात हे गणित करांनी बदलले. 1 एप्रिल 2023 पासून ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकीवर 30 टक्के कर मुळातच कापला जाऊ लागला, खर्चाची वजावट नाही. वरच्या उदाहरणातले 5 असे घरभाड्याआधीच साडेतीन होतात. ऑक्टोबरपासून जमा रकमेवर 28 टक्के जीएसटी आला. मग ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवण्यावरच बंदी घातली. शिक्षा खेळवणाऱ्यांना आहे, पण टेबलेच बंद झाली.

महाराष्ट्राने 1976 चा, कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदा 2023 मध्ये रद्द केला. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या खेळाडूला जवळची जागा उरते ती गोव्याची, मांडवीतल्या बोटींची. तिथे डीलर तासाला 25-30 हँड वाटतो. आठवड्याला 40 तास बसले तरी हजारभर हँड, म्हणजे 20,000 हँडना जवळपास पाच महिने. वरच्याच हिशेबाने, 5 बिग ब्लाइंड जिंकणारा चांगला खेळाडूही 20,000 हँडनंतर तोट्यात असण्याची शक्यता पाचात एक आहे. म्हणून टिकून राहिलेले लोक सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवतात आणि बँकरोल मोजताना तो धरतच नाहीत.