८३ अंश नेमके कुठून आले? ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाची पार्श्वभूमी

ग्राफिक्स कार्ड किती तापले तर चालते, असे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात विचारले तर ७५ पासून ११० पर्यंत कोणताही आकडा ऐकायला मिळतो, त्यात ८३ ही आलाच. गंमत म्हणजे यातला प्रत्येक आकडा कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या कार्डासाठी बरोबर होता. आकडे लक्षात राहिले, पण ते कार्डाच्या कुठल्या भागाचे आणि कुठल्या पिढीचे होते हे मागे पडले. घोळ तिथे आहे.

१९९६ च्या पहिल्या वूडू कार्डांवर साधा हीटसिंकही (उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा) नसे. १९९९ मध्ये आलेल्या एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स २५६ वर छोटा पंखा बसला. त्यानंतर विजेची भूक वाढतच गेली. मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून (कार्ड बसते त्या खाचेतून) कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. कार्डाने ओढलेली वीज जवळपास सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. त्यामुळे नुसत्या जोडण्या मोजल्या तरी कार्ड किती तापणार याचा अंदाज येतो. २००३ च्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राने थंड राहण्यासाठी दोन स्लॉटची जागा घेतली आणि पंख्याच्या आवाजामुळे ‘डस्टबस्टर’ (हातातला व्हॅक्यूम क्लीनर) हे नाव कमावले. २०१० चे जीटीएक्स ४८० म्हणजे तीन अब्ज ट्रान्झिस्टर आणि २५० वॉट. कंपनीने दिलेली मर्यादा १०५ अंशांची होती आणि गेम चालू असताना ते सहज नव्वदीपार जाई. ‘शंभरपर्यंत काही होत नाही’ हा समज त्या काळातला आहे.

पण चिप जळत नाही म्हणजे कार्ड टिकते, असे नाही. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील सदोष चिपांपोटी १५ ते २० कोटी डॉलरचा खर्च जाहीर केला. चिप आणि तिच्या खालचा तळ यांच्या मधले साहित्य कमकुवत होते. चिप तापली की फुगते, निवली की आकसते, आणि तिचा तळ वेगळ्या प्रमाणात फुगतो-आकसतो. दोघांमधल्या मोहरीएवढ्यासुद्धा नसलेल्या सोल्डरच्या ठिपक्यांवर हा ताण रोज येत राहतो आणि शेवटी त्यांना तडा जातो. अशी चिप हीट गनने गरम केली की तडा तात्पुरता सांधतो, पडद्यावर चित्र येते आणि काही आठवड्यांत पुन्हा जाते. ‘रिफ्लो करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी हे लक्षात असावे. सतत ८० अंशांवर चालणाऱ्या कार्डापेक्षा दिवसातून अनेकदा ४० ते ९० असे हेलकावे खाणाऱ्या कार्डाच्या सांध्यांवर अधिक ताण येतो.

खरे वळण २०१३ चे. तोपर्यंत क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, ठरलेला असे किंवा वीजवापरावरून ठरे आणि तापमान त्यानुसार होईल ते होई. एनव्हिडियाच्या जीपीयू बूस्ट २.० या वेग-नियंत्रणात हे उलटे झाले. तापमानाचे लक्ष्य आधी ठरते, सुरुवातीला ते ८० अंश होते, आणि ते गाठले की कार्ड स्वतःच क्लॉक व व्होल्टेज उतरवते. २०१६ च्या जीटीएक्स १०८० मध्ये लक्ष्य ८३ होते. म्हणजे ८३ ही धोक्याची रेषा नव्हेच. त्या कार्डाची कमाल मर्यादा ९४ होती. ८३ ला वेग कमी व्हायला लागतो, एवढाच त्याचा अर्थ. एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी एएमडीने २०१३ मध्येच आर९ २९०एक्स थेट ९५ अंशांवर चालण्यासाठी बनवले. २०१९ मध्ये रेडिऑन ७ पासून चिपवरच्या अनेक सेन्सरांपैकी सर्वांत तप्त जागेचे तापमान दिसू लागले आणि त्याची मर्यादा ११० ठरली. हा हॉटस्पॉटचा आकडा एकाच सेन्सरच्या जुन्या आकड्यांशेजारी ठेवून लोक उगाच घाबरतात.

२०२० मध्ये लक्ष मेमरीकडे वळले. आरटीएक्स ३०९० मध्ये जीडीडीआर६एक्स मेमरीच्या निम्म्या चिप्स कार्डाच्या पाठीवर होत्या, जिथे पंख्याचा वारा पोहोचत नाही. क्रिप्टो चलनाच्या मायनिंगमध्ये मेमरीचे तापमान ११० ला टेके आणि वेग पडे, मुख्य चिप मात्र ६५ दाखवत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग थांबले आणि अशी कार्डे सेकंड-हँड बाजारात आली. विकत घेताना एचडब्ल्यूइन्फो या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीचे तापमान बघायलाच हवे.

आता मुंबईचे. परीक्षणांत कार्डाचे तापमान बहुतेक वेळा २१-२२ अंशांच्या खोलीत मोजलेले असते. तिथे ७२ दिसले तर कार्ड खोलीपेक्षा ५० अंश वर आहे. तेच कार्ड मे महिन्यात ३३ अंशांच्या खोलीत ८३ ला जाणार. कार्डात दोष नसतो, हवाच गरम असते. बंद खणाच्या कॉम्प्युटर टेबलात कॅबिनेट कोंबले, तर आत शिरणारी हवाच चाळिशीला पोहोचते आणि कार्ड नव्वदीला. शिवाय १० बाय १० च्या बंद खोलीत ५०० वॉट ओढणारा पीसी तासभर चालला की खोलीच तापत जाते. म्हणून आकडा नेहमी खोलीच्या तापमानाशी ताडून बघावा. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ थर्मामीटर ठेवावा, २० मिनिटे पूर्ण लोड द्यावा आणि फरक लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी तोच फरक ८-१० अंशांनी वाढला असेल तर धूळ साचली आहे किंवा चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट गेली आहे.

दोन्हींत भेद करणे सोपे आहे. चिप आणि हॉटस्पॉट यांच्यात १०-१५ अंशांचे अंतर सर्वसाधारण असते. ते २५ वर गेले तर बहुधा पेस्ट बाजूला सरकलेली असते. अंतर पूर्वीइतकेच राहून दोन्ही आकडे वर गेले असतील तर धूळ. आपल्याकडची धूळ समुद्राच्या दमट हवेत पात्यांवर चिकटून घट्ट थर करते. नुसत्या ब्लोअरने ती निघत नाही, आधी मऊ ब्रश लागतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग खराब होते.

पेस्ट बदलताना जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, नवी चिपभर पातळ पसरावी, स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. घात होतो तो थर्मल पॅडमध्ये, म्हणजे मेमरी आणि हीटसिंक यांच्यामधल्या पट्टीत. मेमरीवर १ मिमीच्या जागी १.५ मिमीचा कडक पॅड लावला की हीटसिंक उचलला जातो आणि मुख्य चिपला नीट टेकतच नाही. जुन्या पॅडची जाडी दाबल्या न गेलेल्या कडेला मोजावी.

हे सगळे नको असेल तर पॉवर लिमिट (कार्डाने वीज ओढण्याची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणावी. अलीकडच्या मोठ्या कार्डांवर वेग थोडासाच जातो, उष्णता मात्र पाचव्या हिश्श्याने घटते. मे आणि ऑक्टोबरसाठी आम्ही आधी हेच सुचवतो.

पावसाळ्यात धोका वेगळा असतो. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर सुमारे २५ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव जमते. रात्रभर एसीत २२ अंशांवर बंद पडून असलेल्या कार्डावर सकाळी खिडकी उघडल्याबरोबर नेमके हेच होते. चालू कार्ड खोलीपेक्षा गरम असल्याने त्यावर दव पडत नाही. तेव्हा खिडकी उघडल्यावर तासभर थांबून मगच पीसी चालू करावा, किंवा आधी चालू करून नंतर खिडकी उघडावी.