ब्लोअरची मोटर गेली की रेझिस्टन्स? आधी सगळ्यात वरचा नंबर लावून बघा

एक, दोन, तीन नंबरवर एसीचा ब्लोअर, म्हणजे केबिनमध्ये हवा फेकणारा पंखा, गप्प आणि चारवर मात्र भसाभसा हवा. ही तक्रार घेऊन येणारा ट्रक ड्रायव्हर बहुतेक वेळा नवी मोटर आधीच कुठेतरी बसवून आलेला असतो. पैसे गेलेले, डॅशबोर्डचे दोन स्क्रू हरवलेले आणि गाडी होती तशीच. मला याचा मनापासून राग येतो, कारण निदान त्याच्या तक्रारीतच होतं. चार नंबरवर मोटर फिरते, म्हणजे ती मेलेली नाही. मग ती बदलली कशासाठी?

एसीच्या गॅसबद्दल एकदाच बोलतो. ब्लोअर फिरतच नाही म्हणून केबिनमध्ये हवा येत नसेल, तर त्याचा गॅसशी संबंध नाही. हवा येते पण गार नाही, तेव्हा गॅस, कॉम्प्रेसर, कंडेन्सरकडे बघा. हा फरक तुम्हाला ठाऊक आहेच. तो ठाऊक असलेली माणसंही पुढच्या पायरीवर घसरतात, म्हणून हे लिहितोय. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. त्यामुळे हा घोळ आता आणखी वाढणार.

मोटर काय करते हे सांगायला नको. रेझिस्टन्स काय करतो ते मात्र नीट समजून घ्या. साध्या, गोल स्विचच्या गाडीत मोटर एकच असते आणि तिला वेग कळत नाही, फक्त व्होल्ट कळतात. एक नंबर लावला की करंट रेझिस्टन्सच्या सगळ्या कॉइलमधून जातो, मोटरला कमी व्होल्ट मिळतात आणि ती हळू फिरते. दोनवर एक कॉइल वगळली जाते, तीनवर आणखी एक. शेवटच्या नंबरवर रेझिस्टन्स पूर्ण बाजूला पडतो आणि मोटरला थेट सप्लाय मिळतो, बऱ्याच गाड्यांत वेगळ्या रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून. या कॉइलच्या जोडीला उष्णतेने तुटणारा एक छोटा फ्यूज असतो. तो उडाला की खालचे सगळे नंबर एकदम जातात आणि फक्त वरचा उरतो.

म्हणून खालचे सगळे बंद आणि वरचा चालू, तर रेझिस्टन्स. फक्त एक नंबर बंद आणि बाकी चालू, तर एखादी कॉइल तुटली आहे किंवा स्विचमधला तेवढा पॉइंट जळाला आहे. खालचे चालू आणि वरचाच बंद, तर त्याचा रिले, फ्यूज किंवा स्विच. यातल्या एकाही प्रकारात मोटर मेलेली नसते.

ऑटो क्लायमेटच्या, म्हणजे तापमान आपोआप राखणाऱ्या गाड्यांना हे लागू नाही. तिथे रेझिस्टन्सच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. ते गेलं तर ब्लोअर पूर्ण बंद पडू शकतो किंवा फुल स्पीडवर अडकून राहू शकतो.

खरी गफलत होते सगळेच नंबर बंद असतात तेव्हा. मिस्त्री मोटरचा कपलर, म्हणजे तारांचा प्लग, काढतो, मीटर लावतो, ट्रकच्या बॅटरीचे 24 व्होल्ट दिसतात आणि तो सांगतो, ‘सप्लाय आहे, मोटर गेली.’ हे माप फसवं आहे. कपलर काढला की मोटर सर्किटच्या बाहेर गेली. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही आणि करंट नसेल तर व्होल्ट कुठेच पडत नाहीत. एक नंबरवर अख्ख्या रेझिस्टन्समधून आलेले व्होल्टही तेव्हा पूर्ण 24 दिसतात. पिन काळी पडून एका तारेवर टिकून असलेला सांधासुद्धा मीटरला 24 दाखवतो. मोटरने करंट मागितला की तोच सांधा हार मानतो आणि व्होल्ट पडतात.

माप घ्यायचं ते कपलर लावलेला ठेवून, मागच्या बाजूने सुया घालून, सगळ्यात वरच्या नंबरवर. दोन्ही सुया मोटरच्याच दोन पिनांवर ठेवा, बॉडीवर नको. काही गाड्यांत प्लस कायम मोटरपाशी असतो आणि स्विच अर्थिंगच्या, म्हणजे मायनसच्या, बाजूने काम करतो. तिथे बॉडीला सुई लावलीत तर स्विच बंद असतानाही 24 दिसतील. इंजिन चालू असताना दोन पिनांत 27 च्या आसपास मिळाले आणि पंखा हलला नाही, तर मोटर गेली. तिच्या अंगावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका. फिरायला लागली तर मोटरला आत करंट पोचवणारे कार्बन संपलेत. आज चालेल, पण घाटात पुन्हा बंद पडेल. व्होल्ट शून्य किंवा अगदी थोडे असतील तर मोटरला दोष देऊ नका. फ्यूज, रिले, स्विच आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते अर्थिंग, या क्रमाने मागे जा.

मीटर नसेल तर इंडिकेटरचा 24 व्होल्टचा, 21 वॅटचा बल्ब दोन तारा जोडून वापरा. तो जवळपास एक अँपिअर खेचतो, त्यामुळे सांधा कुजका असेल तर बल्ब मंद पेटतो किंवा पेटतच नाही. एलईडीचा टेस्टर या कामाला मी हातात घेत नाही. तो मीटरसारखाच फसतो.

आता दुसरी बाजू. रेझिस्टन्स जळाला हे बरोबर ओळखलं, नवा लावला आणि महिन्याभरात तोही जळाला. मग लोक म्हणतात, ‘माल डुप्लिकेट होता.’ असेलही. पण मी आधी मोटर तपासतो. जळाला रेझिस्टन्स, तरी त्याला जाळणारी बहुतेक वेळा मोटरच असते. मोटरचा दांडा ज्यात फिरतो ते बुश सुकले, पंख्यात पानं-कागद अडकले, की मोटर जड फिरते आणि जास्त करंट ओढते. समजा एक नंबरवर 4 अँपिअर जात होते आणि रेझिस्टन्सवर 15 व्होल्ट पडत होते. म्हणजे 60 वॅटची उष्णता. करंट 5 अँपिअर झाला की त्याच कॉइलमध्ये जवळपास 94 वॅट तयार होतात. करंट सव्वापट झाला, उष्णता दीडपटीहून जास्त वाढली. रेझिस्टन्स हवेच्या मार्गात बसवलेला असतो तो ब्लोअरच्याच वाऱ्याने थंड राहावा म्हणून. मोटर मंद झाली की तो वाराही कमी होतो. केबिन फिल्टर सिमेंटच्या धुळीने चोंदला असेल तरी हेच होतं.

म्हणून रेझिस्टन्स काढला की त्याच वेळी पंखा बोटाने फिरवून बघायचा. सोडल्यावर तो थोडा वेळ सहज फिरत राहिला पाहिजे. खरखर आली किंवा अडकत थांबला, तर दोन्ही बदला. इथे मोटर बदलायला माझी हरकत नाही. कपलरची पिन वितळली असेल तर तोही बदला. जुन्या वितळलेल्या कपलरमध्ये नवा रेझिस्टन्स खोचणं म्हणजे तो मुद्दाम जाळणं.

रेझिस्टन्स ‘डायरेक्ट’ करून देणाऱ्यांकडे गाडी नेऊ नका. सगळ्या नंबरवर फुल हवा येते, ड्रायव्हर तेवढ्यापुरता खूश होतो. पण मग पूर्ण करंट त्या पातळ तारांतून आणि स्विचमधून जातो, जे त्यासाठी बनलेलेच नाहीत. फ्यूज उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा घालणं हाही त्यातलाच प्रकार. फ्यूज उडतोय तो बहुतेक वेळा मोटर जास्त ओढतेय म्हणून. मोठा फ्यूज घातला की वायरिंग जळतं, आणि ते जळतं ड्रायव्हरच्या पायापाशी. कारची 12 व्होल्टची मोटर स्वस्त मिळते म्हणून ट्रकला लावलेली पाहिली आहे. नंबर लावला आणि धूर निघाला.

नवा रेझिस्टन्स बाहेर लोंबकळत ठेवून ‘जरा चालवून बघू’ असं करू नका. वारा न मिळाल्याने तो काही मिनिटांतच जाऊ शकतो. जागेवर बसवा, स्क्रू आवळा, मग एक नंबरवर वीस मिनिटं ब्लोअर चालवा आणि कपलरला बोट लावा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर काम संपलेलं नाही, पुन्हा मोटरकडे जा.