सागरी जीवाणूंचे संवर्धन

सागरी जीवाणूंचे संवर्धन : समुद्राच्या पाण्यातील जे जीवाणू नेहमीच्या पोषक माध्यमावर वाढत नाहीत, त्यांना प्रयोगशाळेत जगवण्याचे व वाढवण्याचे तंत्र. किनाऱ्याजवळच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारणपणे ५ ते १० लाख जीवाणू असतात. तेच पाणी अगारच्या (माध्यम घट्ट करणाऱ्या, शेवाळापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या) प्लेटवर पसरले, तर हजारात जेमतेम एखाद्याची कॉलनी, म्हणजे डोळ्यांना दिसणारा पुंजका, दिसते. पुष्कळदा तेवढीही नाही. सूक्ष्मदर्शकाखालची मोजणी आणि प्लेटवरची मोजणी यांतली ही तफावत रशियन शास्त्रज्ञ रझुमोव्ह यांनी १९३२ मध्येच नोंदवली होती. १९८५ मध्ये स्टॅली व कोनोप्का यांनी तिला नाव दिल्यावर मात्र तिची खरी चर्चा सुरू झाली.

सीमाभागातील तालुक्यांपैकी समुद्र आहे तो एकट्या कारवारला. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडे सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्याला समुद्राचे ताजे पाणी हवे असेल, तर लोंढा-रामनगरवरून कारवार किंवा चोर्ला घाटाने गोवा गाठावा लागतो. कारवारला कोडीबाग येथे कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग आहे, तर गोव्यात दोना पावला येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. पाणी आणायचे ते बैतकोलच्या बंदरातून नव्हे. तिथे होड्यांचे डिझेल आणि मासळीची घाण असते. होडीने बाहेर जाऊन घेतलेले पाणीच उपयोगी. बाटल्या आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेल्या असाव्यात, कारण साबणाचा अंशही या जीवाणूंना बाधतो. घाट चढून येईपर्यंत पाणी तापू द्यायचे नाही आणि पोहोचल्यावर काम उद्यावर टाकायचे नाही. बाटलीत कोंडलेल्या पाण्यात काही तासांतच धट्टेकट्टे, भराभर वाढणारे जीवाणू बाकीच्यांना मागे टाकतात.

या धट्ट्याकट्ट्यांमुळेच बहुतेकांची फसगत होते. महाविद्यालयांत सर्रास वापरले जाणारे माध्यम म्हणजे झोबेल मरीन अगार. क्लॉड झोबेल यांनी १९४१ मध्ये मांडलेल्या या माध्यमात लिटरमागे ५ ग्रॅम पेप्टोन आणि १ ग्रॅम यीस्ट अर्क असतो. उघड्या समुद्रात विरघळलेला सेंद्रिय कार्बन लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलाही बराचसा सहजी न पचणारा. म्हणजे प्लेटवरचे अन्न समुद्राच्या हजारो पट. आयुष्यभर अर्धपोटी राहिलेल्याला एकदम पंगतीत बसवून आग्रह करकरून वाढावे, तसा हा प्रकार आहे. अशा माध्यमावर व्हिब्रिओ, अल्टेरोमोनास, बॅसिलस वगैरे ठरलेली मंडळी येतात आणि प्रबंधांतून त्यांच्याच याद्या पुन्हा पुन्हा छापल्या जातात. समुद्रात संख्येने सर्वांत जास्त असलेले जीवाणू त्या याद्यांत सापडत नाहीत.

अगारचाही दोष आहे. अगार आणि फॉस्फेट एकत्र ऑटोक्लेव्ह केले (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केले) की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, हे जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. दोन्ही वेगवेगळे निर्जंतुक करून नंतर मिसळले, तर त्याच नमुन्यातून जास्त कॉलन्या मिळतात. खर्च शून्य, श्रम एका जादा फ्लास्कचे. तरी ही पद्धत अजून रुळलेली नाही.

नाजूक जीवाणूंसाठी खरे माध्यम म्हणजे समुद्राचेच पाणी, आणि ते तयार करणे वाटते तितके सोपे नाही. ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळल्यावर पाणी निर्जंतुक झाले असे समजू नये. काही सागरी जीवाणू इतके बारीक असतात की त्या छिद्रांतून पार होतात. म्हणून गाळल्यावर ऑटोक्लेव्हही करावा लागतो. त्यात कार्बन डायॉक्साइड निघून जातो, सामू (पीएच) वर चढतो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तळाशी बसतात. मग पाण्यातून आधी निर्जंतुक कार्बन डायॉक्साइड व नंतर निर्जंतुक हवा सोडून त्याचा सामू मूळपदावर आणतात. एवढे झाल्यावर मायक्रोमोलमध्ये मोजावे लागेल इतकेच नायट्रोजन व फॉस्फरस, आणि थोडी जीवनसत्त्वे घालायची.

पुढची पायरी विरलीकरणाची. डॉन बटन व सहकाऱ्यांनी अलास्कात १९९३ मध्ये ही पद्धत मांडली. पाण्यात मिलिलिटरमागे ५ लाख पेशी असतील, तर ते ५ लाख पट पातळ करायचे. मिलिलिटरला सरासरी एक पेशी उरते. असे एकेक मिलिलिटर खळग्यांच्या प्लेटमधील १०० खळग्यांत भरले, तर संभाव्यतेच्या नियमाने सुमारे ३७ खळगे रिकामे राहतात, ३७ मध्ये एकेकच पेशी पडते आणि उरलेल्या २६ मध्ये एकाहून जास्त. दांडगे जीवाणू मूळच्या पाण्यात संख्येने थोडे असल्याने बहुतेक खळग्यांत पोहोचतच नाहीत. प्लेट मग काही आठवडे अंधारात, मूळ समुद्राच्या तापमानाला ठेवायची. वळवाच्या पावसात करंट गेला आणि इन्क्युबेटर बंद पडला की हा सगळा खटाटोप धोक्यात येतो, म्हणून इन्व्हर्टरची सोय आधी पाहावी.

वाढ झाली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. द्रव गढूळ दिसायला मिलिलिटरला साधारण कोटभर पेशी लागतात. हे जीवाणू लाख-दहा लाखांवरच थांबतात. अनेक जण स्वच्छ दिसणारे खळगे ‘ग्रोथ नाही’ म्हणून टाकून देतात. त्याऐवजी थेंबभर द्रव काळ्या गाळणीवर घेऊन, डीएपीआयसारख्या रंगद्रव्याने रंगवून, प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे.

याच वाटेने २००२ मध्ये अमेरिकेत ऑरेगन येथील रॅपे, जिओव्हानोनी व सहकाऱ्यांनी सार-११ गटातील जीवाणू प्रथम वाढवला. सारगॅसो समुद्रातील त्याच्या जनुकाचा माग १९९० मध्ये लागला होता. पण बारा वर्षे तो कोणाच्या हाती लागला नव्हता. पृष्ठभागाजवळच्या समुद्रातील सूक्ष्मजीवपेशींपैकी चौथा ते तिसरा हिस्सा या एका गटाचा भरतो. २००५ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला : सुमारे १३ लाख बेस-जोड्या आणि १,३५४ प्रथिने बनवणारी जनुके. एवढ्या लहान जनुकसंचात काटकसर बरीच आहे. सल्फेट समुद्रात मुबलक असूनही तो त्याला वापरता येत नाही. मेथिओनिनसारखे क्षपित गंधकाचे संयुग आयते द्यावे लागते. ग्लायसीन किंवा सेरीनही लागते. हे उलगडल्यावर २०१३ मध्ये त्याच्यासाठी पूर्णपणे कृत्रिम माध्यम तयार झाले.

काहींना शेजार लागतो. प्रोक्लोरोकॉकस हा प्रकाशसंश्लेषी जीवाणू एकटा असला की हायड्रोजन पेरॉक्साइडने मरतो. सोबतचा अल्टेरोमोनास ते विष नष्ट करतो. गाळातल्या जीवाणूंसाठी लुईस व एप्स्टाइन यांच्या गटाने २००२ मध्ये दोन पटलांमध्ये पेशी कोंडून ती पेटी थेट समुद्राच्या गाळावर ठेवली. पाण्यातले पदार्थ आत येतात, पेशी बाहेर जात नाहीत. काळी नदीच्या मुखाशी, सदाशिवगडाच्या पायथ्याच्या चिखलात ही पद्धत थोड्या पैशांत करून पाहण्याजोगी आहे.

कारवारच्या पाण्याला ऋतूंचा मोठा फरक पडतो. पावसाळ्यात काळी नदीच्या लोंढ्याने मुखाजवळची क्षारता खूप खाली येते. त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर खालचे ऑक्सिजन कमी असलेले पाणी वर सरकते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाजवळ हायड्रोजन सल्फाइडही आढळते, असे नक्वी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले. अशा पाण्यातील अनेक जीवाणूंना हवेचा स्पर्शही चालत नाही. तो वेगळा, खर्चिक विभाग आहे. एरवीच्या कामासाठी पावसाआधी, मार्च-एप्रिलमध्येच माध्यमासाठी पुरेसे पाणी आणून अंधारात मुरवत ठेवावे. मुरताना त्यातले सहज पचणारे सेंद्रिय पदार्थ संपतात आणि वर्षभराच्या प्रयोगांना एकाच प्रतीचे पाणी मिळते.